बाबांची पेटी, आखडलेला खांदा आणि गुरुवारचा साबुदाणा

डोंबिवलीहून एक पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे देते, नाव अर्थातच देत नाही.

"ताई, मी 49 वर्षांची, नोकरी फोर्टात. बाबा जाऊन आठ महिने झाले. ते भजनी मंडळाचे पेटीवाले, चाळीस वर्षं दर गुरुवारी वाजवायचे. त्यांची पेटी आता माझ्याकडे दिवाणाखाली पडून आहे, भाऊ म्हणतो सडण्यापेक्षा विकून टाकू. मी शाळेत असताना शिकले होते, गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग सुटलं ते सुटलंच. आता परत वाजवावंसं वाटतं पण उघडली की रडू येतं. दोनदा उघडली, दोनदा बंद केली. त्यात तीन महिन्यांपासून डावा खांदा धरलाय, फ्रोझन शोल्डर म्हणाले, केस बांधता येत नाहीत, ब्लाउजचा हुक लागत नाही, लोकलमध्ये वरची कडी धरता येत नाही. त्याच तपासणीत शुगर निघाली, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, 8.2. घरचे म्हणतात आधी तब्येत बघ, छंदबिंद नंतर. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. मुलाच्या बारावीला बाबा आमच्याकडे राहायला होते, तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, बाबा पेटी नको आता, त्याचा अभ्यास चाललाय. ते बरं म्हणाले आणि त्यानंतर आमच्या घरी त्यांनी पेटी कधीच उघडली नाही."

अहो, सगळ्यात आधी ती पेटी आज रात्री दिवाणाखालून बाहेर काढा. बाकीचं मी सावकाश सांगते, पण हे आज करा, कारण आषाढ लागलाय. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्टी दाबली की खालीच बसते, आतले पितळेचे सूर, म्हणजे हवेनं वाजतात त्या पातळ पात्या, धुळीनं आणि ओलीनं मुके होतात नाहीतर किरकिरायला लागतात, आणि भात्याचं चामडं, आतली लोकर हे कसर आणि झुरळांचं आवडतं खाणं. दिवाणाखाली म्हणजे त्यांना घरपोच डबाच की. टेबलावर ठेवा, नसेल जागा तर कपाटावर, भिंतीला चिकटवू नका, वरून सुती कापड टाका, प्लॅस्टिक नको, आत ओल धरते. आणि रोज दहा मिनिटं भाता हलवून हवा खेळवा, सूर लागो न लागो. न वाजणारी पेटी वाजणाऱ्या पेटीपेक्षा लवकर खराब होते हे कुठलाही पेटीवाला सांगेल. म्हणजे भाऊ सडण्याबद्दल म्हणतोय ते चूक नाहीये, फक्त त्याने काढलेला उपाय चूक आहे.

आता खांदा. घरच्यांनी सांगितलंय ना आधी तब्येत मग छंद, तर त्यांना विचारा आधी म्हणजे कधीपर्यंत. फ्रोझन शोल्डर हे आठवड्याभराचं काम नाही. पहिले काही महिने दुखतं, रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जातो, मग दुखणं जरा कमी होतं पण खांदा लाकडासारखा होतो, आणि मग हळूहळू सुटत जातो. हे सगळं धरून वर्ष सहज जातं, कुणाकुणाला दोन, तीनसुद्धा. चाळिशी ते साठीतल्या बायकांना जास्त होतो आणि शुगरवाल्यांना तर फारच, शिवाय त्यांचा जरा चिवट असतो. मग तुम्ही काय एक्कावन्नाव्या वर्षी पेटी उघडणार? तोवर नवीन काहीतरी निघेलच, गुडघा म्हणा, सासूबाईंचं ऑपरेशन म्हणा, मुलाचं लग्न म्हणा. बायकांचं "नंतर" कसं असतं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की सांगा. एक, थायरॉइड तपासलंय का ते विचारा, ह्या खांद्याचं त्याच्याशीही नातं असतं. दोन, त्यांनी खांद्यात इंजेक्शन देऊ म्हटलं तर शुगर आहे हे परत एकदा तोंडाने सांगा, फाइलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नका. स्टिरॉइडचं असतं ते, नंतर काही दिवस शुगर चढते, आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही आणि गोळ्यांचं काय करायचं ते विचारून ठेवता येतं. इंजेक्शन वाईट नसतं हां, दुखण्याच्या काळात खूप जणांना त्याने आराम पडतो. वाईट काय, तर तो हाडं बसवणारा माणूस, जो आमच्या शेजारच्या काकूंना कुणीतरी सुचवला होता, त्याने हात धरून असा झटका दिला की काकू महिनाभर हात गळ्यात बांधून फिरत होत्या. झटका नाही, रगडून मालिश नाही. फिजिओकडे जा आणि घरी रोज करा, नुसतं आठवड्यातून दोनदा मशीन लावून येण्याने काही होत नाही.

घरी करायचं सगळ्यात सोपं म्हणजे उजवा हात टेबलावर टेकवून पुढे वाका आणि डावा हात नुसता लोंबकळू द्या, देवळातल्या घंटेच्या दोरीसारखा, आणि छोटे छोटे गोल फिरवा, दहा इकडून दहा तिकडून. दुसरं भिंतीवर बोटांनी वर चढायचं. पेन्सिलने खूण करा, आज इथवर गेलं, परवा तिथवर. (माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर अशा खुणा होत्या, रंग देणारा विचारायला लागला, लहान मुलं आहेत का घरात.) आधी दहा मिनिटं गरम शेक घ्या, पण शुगर आहे तर पाणी कढत नको, मध्ये कापड ठेवा. रेटायचं नाही आणि सुटीही द्यायची नाही. दुखलं तर किती चालेल हे फिजिओ सांगेल, साधारण असं की व्यायाम संपल्यावर थोड्या वेळात दुखणं खाली आलं पाहिजे. रात्रभर ठणकत राहिलं तर तुम्ही जास्त केलंत.

आणि एक महत्त्वाचं, तुमचा डावा हात आहे म्हणून मुद्दाम सांगते. हालवल्यावर दुखतो तो बहुतेक खांदा. पण कधी न हालवता दुखलं, सोबत छातीत जड वाटलं, घाम फुटला, दम लागला, मळमळलं, तर "माझा तो फ्रोझन शोल्डरच आहे" म्हणून शेक घेत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. शुगर असलेल्या बायकांना कधीकधी छातीत दुखतसुद्धा नाही, नुसतं गळून गेल्यासारखं होतं. असं झालं तर ॲसिडिटीची गोळी शोधत बसू नका.

बरं, आता पेटी आणि खांदा एकत्र. तुम्ही शिकलात तशी मांडी घालून बसलात तर डावा हात पेटीवरून मागे जातो, कोपर वर उचललं जातं आणि तिथेच तुमचा खांदा ओरडणार. म्हणून खुर्चीत बसा आणि पेटी ठेंगण्या स्टुलावर ठेवा, कोपर कमरेपाशीच राहील आणि भाता मनगटाने हलेल इतकी खाली. हे करताना कसं दिसतं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून फिजिओला दाखवा, त्याला पेटी म्हणजे काय हे कळेलच असं नाही, पण हालचाल बघून तो बरोबर सांगेल. तेवढंही जमत नसेल तर भात्याला माणूस बसवा. तुमचा मुलगा आहे ना, आता कॉलेजात असेल, ज्याच्या अभ्यासापायी पेटी बंद झाली होती तोच. घरचं वायफाय वापरतो, दहा मिनिटं भाता हलवायला काय झालं त्याला. फक्त सांगून ठेवा, संथ आणि सारखा, पंपाने सायकलमध्ये हवा भरतोय असा नाही. तुमचा उजवा हात मोकळा. अलंकारांपासून सुरू करा, सारेग रेगम, आणि मग भूप राग, पाचच सूर, म आणि नी ची भानगड नाही. प्रवेशिकेला केला असेल तुम्ही भूप. बोटं विसरत नाहीत म्हणतात ते काही पूर्ण खरं नाही, विसरतात, पण आठवतातही पटकन.

आणि गळा? पत्रात कुठेही लिहिलं नाहीत की गात होतात का. पेटी शिकलेला माणूस थोडंफार गुणगुणतोच. गळ्याला खांदा लागत नाही. फोनवर तानपुऱ्याचं ॲप घ्या, फुकट असतात, काळी चार की पाच जो तुमचा स्वर असेल तो लावा आणि नुसता सा धरा. मी तर म्हणेन लोकलमध्येही, डोंबिवली ते सीएसटी एवढा वेळ असतो, लेडीज डब्यात एक तरी बाई गुणगुणत असते आणि कुणी काही म्हणत नाही. फक्त ती वरची कडी डाव्या हाताने धरू नका बाई, आतल्या बाजूला उभ्या राहा, आणि चौथ्या सीटवर अर्धं टेकायला मिळालं तर लाजू नका, खांद्याचं सांगा, बायका सरकतात.

शुगरबद्दल मी फार बोलणार नाही, डॉक्टर आहेत. 6.5 किंवा त्याच्या वर गेलं की डायबेटिस म्हणतात, तुमचं 8.2, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं नाही आणि आभाळ कोसळल्यासारखंही नाही, गोळ्या आणि खाणं सांभाळलं तर पुढच्या तीन महिन्यांच्या रिपोर्टात फरक दिसायला हवा. रात्री जेवल्यावर लगेच टीव्हीसमोर न बसता सोसायटीत पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतरची शुगर त्याने खाली येते, ह्यात कसलीही जादू नाही, स्नायू साखर वापरतात. एकाच गोष्टीवर बोलायचं राहवत नाही. पत्रात तिसऱ्या पानावर जाता जाता लिहिलंय की बाबांचा गुरुवार तुम्ही पुढे चालवताय आणि त्या दिवशी फक्त साबुदाण्याची खिचडी खाता. दोन वेळा. अहो साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर बटाटा, वर संध्याकाळी केळं, शुगरला ह्याहून मोठी मेजवानी नाही. बाबांचा गुरुवार उपवासाचा नव्हता हो, पेटीचा होता! मंडळात वाजवण्याआधी ते उपाशी राहायचे का व्यवस्थित जेवून जायचे, आठवून बघा. उपवास धरायचाच असेल तर शुगरच्या गोळ्यांवर उपाशी राहणं कितपत बरं हे डॉक्टरांना विचारून धरा, आणि भगर, दाण्याची आमटी, ताक असं काहीतरी बेताने खा. पण माझं मत विचाराल तर गुरुवारी जेवा आणि पेटी वाजवा.

आता जरा माझं सांगते, कारण तुम्ही जे विचारलं नाहीत ते त्यात आहे. आमच्या ह्यांना गुलाबांचं वेड. गच्चीवर पंचेचाळीस कुंड्या, प्रत्येकीची वही, छाटणी कधी, खत कधी. ते गेल्यावर मी दोन वर्षं त्या कुंड्या सांभाळल्या, सकाळी साडेपाचला उठून पाणी, मावा पडला की कडुनिंबाचं तेल, लोक येऊन म्हणायचे किती छान जपलंत त्यांचं सगळं. आणि मला सांगू का, मला गुलाब कधीच फारसे आवडले नाहीत. काटे लागतात, वास मला डोक्यात जातो. मी ड्यूटी करत होते. एक दिवस खांदा धरला (हो, माझाही, म्हणूनच एवढं माहिती आहे), बादली उचलेना, तेव्हा पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त मास्तरांना चाळीस कुंड्या देऊन टाकल्या. पाच ठेवल्या, त्यातल्या तीन मेल्या. आणि खांदा सुटल्यावर छप्पन्नाव्या वर्षी नगरपालिकेच्या तलावात पोहायला शिकले, जे मला चौथीपासून करायचं होतं. ह्यांना पाण्याची भीती, म्हणून आम्ही आयुष्यभर समुद्रावर जाऊन नुसती भेळ खाल्ली.

तर तुम्हाला विचारायचं ते एवढंच की पेटी तुमची आहे का बाबांची? माझ्या कुंड्या ह्यांच्या होत्या. तुमचं पत्र वाचून मला वाटतं तुमची आहे. बाबांची आठवण म्हणून हवी असती तर तुम्ही हार घालून शोकेसमध्ये ठेवली असती, दिवाणाखाली ठेवून दोनदा उघडून बघितली नसती. शिवाय तुम्ही लिहिलंय की उघडल्यावर आधी तुम्हाला आतला वास आला, जुनं लाकूड आणि ज्येष्ठमध, कोपऱ्यात ज्येष्ठमधाची अर्धी चघळलेली कांडी होती, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात सूर लावल्याच्या तारखा, शेवटची 2019 ची. आणि त्या तारखा वाचून तुम्ही पहिलं काय लिहिलंत? की म्हणजे सूर लावून पाच वर्षांच्या वर झाली. अहो हे नुसती आठवण काढणारी बाई नाही लिहीत, हे वाजवणारी लिहिते. (कांडी ठेवा, पण वेगळ्या डबीत, झुरळं येतील.)

बारावीचं. मी तुम्हाला असं म्हणणार नाही की मनाला लावून घेऊ नका, कारण लागलेलंच आहे. तुम्ही म्हणालात, त्यांना लागलं असणार, खरं आहे. पण त्यांच्या बाजूनेही बघा थोडं. ते चाळीस वर्षं मंडळात वाजवलेले गृहस्थ, भजनात कुणी बेसूर ओरडलं तरी पट्टी न सोडणारे, त्यांना वाजवायचंच असतं तर निकालाच्या दिवशी पेढे खाऊन उघडली असती. नाही उघडली. रुसले असतील, किंवा लेकीच्या घरी शांतता आवडायला लागली असेल, किंवा बोटं दुखत असतील आणि त्यांना आयतं कारण मिळालं असेल, म्हातारे लोक सांगत नाहीत. तुम्हीही परत विचारलं नाहीत, बाबा वाजवा ना आता. ही चूक मला बारावीच्या वाक्यापेक्षा मोठी वाटते, आणि तुम्हालाही तीच खुपत असणार. पण दर गुरुवारी ते मंडळात वाजवत होते ना शेवटपर्यंत? मग पेटी तुम्ही बंद केली नाहीत, तुमच्या हॉलमध्ये बंद झाली, बस. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीला दाराबाहेर काढलं ते 1971 पर्यंत आत घेतलं नाही. पेटीने तेवढं पचवलं, तुमची एक बारावी काय घेऊन बसलात. हे मी हसून सांगतेय, पण एकदा मंडळातल्या बाबांच्या बरोबरीच्या कुणाला, पखवाजवाले असतील, टाळवाले असतील, जाऊन भेटा आणि हे बोला. ते बाबांचं तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी सांगतील. माझ्याकडून ते मिळणार नाही.

रडू येतं म्हणालात, येऊ द्या. आठ महिने म्हणजे अजून वर्षश्राद्धही नाही झालं. रडत रडत सारेगम वाजवलं तर पेटीला काही होत नाही, फक्त पाणी पट्ट्यांवर पडू देऊ नका. पण झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठूच नये असं वाटत असेल, किंवा जगून काय करायचं असले विचार येत असतील, तर ते नुसतं दुःख म्हणून सोडायचं नाही, डॉक्टरांशी बोलायचं. सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे, 14416, कधीही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाहीये, पण वाचणाऱ्या आणखी कुणाला लागला तर म्हणून लिहिते.

भावाला फोन करा, व्हॉट्सॲपवर नको, आणि "बघू" म्हणू नका. सरळ सांगा, पेटी मी ठेवतेय, मी वाजवणार आहे, तुला त्यातले काही पैसे हवे असतील तर सांग. बहुतेक तो म्हणेल अगं ठेव की, मला काय करायचंय. तुम्ही आठ महिने ती दिवाणाखाली ठेवलीत म्हणून त्याला वाटलं तुम्हाला नकोय.

आणि सूर लावून घ्या. दुकानात टाकून येऊ नका, मंडळाच्या बुवांना विचारा त्यांची पेटी कोण करतं, त्यालाच घरी बोलवा, रविवारी, आणि तो पेटी खोलेल तेव्हा समोर बसा. सूर बदलू म्हणाला तर लगेच हो म्हणू नका, जुने सूर बरेचदा चांगले असतात, साफ करून, घासून लागतात, कुठला खरंच मोडलाय ते एकेक दाखव म्हणावं. भात्यातून हवा कुठे जातेय ते बघायला सांगा, ते आधी झालं तर तुमच्या खांद्यावरचं अर्धं काम कमी होईल, गळक्या भात्याला दुप्पट हलवावं लागतं. झाकण पुसायला मात्र देऊ नका त्याला. काम झालं की 2019 च्या खाली पेन्सिलीने तारीख घाला, आणि किती पैसे घेतले ते मला कळवा, आमच्या इथे एकीची पेटी अशीच माळ्यावर पडलीये.